हत्तीरोगाच्या गोळ्या, रात्रीची रक्ततपासणी आणि पाय धुवायचा टब: आमच्या घरचा रिव्ह्यू

लोक मिक्सरचा रिव्ह्यू टाकतात, बिर्याणीचा टाकतात, कुरियरवाल्याचा तर शिव्या घालून टाकतात, पण दरवर्षी दारात येणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्यांचा कोणी टाकत नाही, म्हणून म्हटलं आपणच टाकू. आम्ही पूर्व विदर्भातले, धानपट्ट्यातले. आमच्याकडे गल्लीत एखादी म्हातारी तरी सुजलेला पाय लुगड्याखाली झाकून बसलेली दिसतेच, आणि माणसांच्या अंडवृद्धीबद्दल तर कोणी चकार शब्द काढत नाही. आमच्या घरी सासूबाईंचा डावा पाय, वीसेक वर्षं झाली असतील. त्यामुळे या सर्व्हिसचे सगळे प्रकार आमच्यावर वापरून झालेत.

आधी गोळ्या. घरपोच, फुकट, वर्षातून एकदा. तीन औषधं असतात: डीईसी वयाप्रमाणे, अल्बेंडाझोल एक (ही चावून खायची), आणि आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे. आमच्या शेजारी नागपूर जिल्ह्यात हे तीन औषधांचं २०१९ ला सुरू झालं होतं, त्याआधी दोनच असायची. उंची मोजायला रंगीत पट्ट्यांची काठी आणतात, त्यावर पोरांची नुसती मारामारी, माझा धाकटा टाचा उंच करून उभा राहिला तर आशाताईने डोक्यावर टपली मारून खाली बसवला. घरचे साहेब उंच, त्यांच्या वाट्याला डीईसीच्या तीन, अल्बेंडाझोल एक, आयव्हरमेक्टिनच्या चार, म्हणजे आठ गोळ्या. हातावर घेऊन म्हणतात, “हे काय बाप्पा, शेंगदाणे वाटून राह्यले का?” आणि मग सगळ्या महाराष्ट्राचा ठरलेला डायलॉग, “ठेवून जा ताई, रात्री जेवण झाल्यावर घेतो.”

इथे मी आशाताईला पाचपैकी पाच देते. ती बाई ओट्यावर पायच पसरून बसली. “भाऊ, माह्यासमोर खा, नाहीतर मी काही हालत नाही.” पाणी तिनेच मागवलं, गोळ्या गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावलं, मग बोटाला मार्करची खूण आणि रजिस्टरमध्ये सही. तेव्हा मला हसू आलं, पण आदल्या वर्षी दुसरी कोणी आली होती ती खरंच ठेवून गेली होती आणि त्या गोळ्या दिवाळीच्या सफाईत फ्रीजवर सापडल्या, पुडीसकट. मोहीम फसते ती अशी. कारण या गोळ्या आजारी माणसासाठी नाहीतच मुळी, ज्याला काहीच झालेलं नाही असं वाटतंय त्याच्यासाठी आहेत. हत्तीरोगाचा जंत अंगात सहा-आठ वर्षं जगतो, लसीकावाहिन्यांमध्ये (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये) घर करून, आणि पिल्लं रक्तात सोडत राहतो, माणूस ठणठणीत दिसतो आणि डास त्याला चावून पिल्लं उचलून पुढच्याला देतो. गोळ्यांनी ती पिल्लं मरतात. पण अर्ध्या गल्लीने गोळ्या फ्रीजवर ठेवल्या तर डासाला काय फरक पडतो!

दोन मायनस पॉइंट. एक, टीम सकाळी अकराला येते, तेव्हा लोक रोवणीला गेलेले, घरी म्हाताऱ्या आणि पोरं. संध्याकाळी पुन्हा येतो म्हणाले होते, आमच्या मागच्या आळीत काही आले नाहीत. दुसरं, उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत हे ओरडून सांगायला पाहिजे, नुसतं कागदावर छापून काय होतं. दोन वर्षांखालची पोरं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं यांना देत नाहीत, ते मात्र त्यांनी नीट विचारलं.

माझ्या दिराला गोळ्या खाऊन संध्याकाळी गरगरलं, ताप पण आला, सासूबाईंनी लगेच “विष दिलं पोराला” म्हणून घर डोक्यावर घेतलं. आशाताईला फोन केला तर ती उलट खूश! म्हणे अंगात पिल्लं असतील तर ती मरताना असं होऊ शकतं, एखाद्या दिवसात उतरतं. उतरलं पण. तिने नाव मात्र लिहून घेतलं आणि त्याला रात्रीच्या रक्ततपासणीला बोलावलं.

आता हा रात्रीचा प्रकार. हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्री करतात, दिवसा नाही, कारण ही पिल्लं दिवसा फुफ्फुसाच्या बाजूला दडी मारून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात येतात, नेमका हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावायला निघतो तेव्हा. दोघांची एकच नाईट ड्युटी! १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरने स्वतःच्या माळ्याला, ज्याच्या रक्तात ही पिल्लं होती, डासांमध्ये झोपवलं आणि मग त्या डासांच्या अंगात पिल्लं वाढताना पाहिली. डास रोगाचा जंत वाहतो हे तिथून कळायला लागलं. त्या माळ्याचा रिव्ह्यू काय असता देव जाणे.

तर आमच्याकडच्या रात्रीच्या केंद्राला तीन स्टार. नऊला या म्हणाले, आम्ही नऊला हजर, कुलूप. बाहेर बाकडा नाही, लाइट नाही, आणि गंमत म्हणजे शेजारीच उघडी नाली, त्यामुळे हत्तीरोगाच्या तपासणीला आलेल्या माणसांना तिथेच डास फोडून खात होते. दहाला एक तंत्रज्ञ दादा आले, मोटरसायकलवरून, एकटेच. पण काम एकदम सफाईचं, बोटाला टोचलं, काचपट्टीवर रक्त घेतलं, नंबर टाकला, पाच मिनिटात मोकळे. रिपोर्ट यायला पंधरा दिवस, तेही आम्ही दोनदा विचारायला गेलो तेव्हा. पॉझिटिव्ह निघाला. बारा दिवसांचा डीईसीचा कोर्स दिला, रोज तीन गोळ्या, फुकट. पोट्टं धडधाकट, कबड्डी खेळतं, पायाला सूज ना काही, आणि रक्तात हे. मला तेव्हा खरी भीती वाटली, सासूबाईंचा पाय पाहून पण इतकी कधी वाटली नव्हती.

सासूबाईंचा पाय गोळ्यांनी बारीक झाला का, तर नाही. आणि ज्याला पाय इतका सुजलाय त्याला कोणी “गोळीने जाईल” म्हणून पैसे उकळत असेल तर त्याच्या दारातून परत फिरा, आम्ही एका मालिशवाल्याकडे बरेच घालवलेत, वर त्याने गरम तेलाने चोळून पाय लालभडक करून ठेवला होता.

खरी कामाची निघाली ती सुजलेल्या पायाची निगा राखायला मिळालेली किट. प्लॅस्टिकचा टब, मग, टॉवेल, साबण आणि बुरशीवरचं मलम. टॉवेल अगदीच सुतळीसारखा, तो मी पहिल्याच आठवड्यात बदलला, मऊ जुन्या लुगड्याचे तुकडे बरे पडतात. टब छोटा आहे, सुजलेला पाय आडवा बसत नाही. पण सोबत जी शिकवणी दिली ती लाखाची. आरोग्यसेविका मॅडमने खाली बसून स्वतःच्या हाताने सासूबाईंचा पाय धुतला, ज्या पायाला सुनांशिवाय वीस वर्षांत कोणी हात लावला नव्हता. साधं पाणी, गरम नाही. ब्रश नाही, घासायचं नाही, साबणाचा फेस हलक्या हाताने प्रत्येक वळीत आणि बोटांच्या फटीत. मग टिपून कोरडं करायचं, फटी तर अगदी कोरड्या, कारण तिथे चिरा पडतात आणि चिरेतून जंतू शिरले की थंडी वाजून ताप, पाय लाल, चार दिवस अंथरूण. चिरेला मलम. बसताना पाय पाटावर, झोपताना खाटेच्या पायथ्याला विटा, आणि घोटा वर-खाली हलवायचा.

सासूबाईंना पावसाळ्यात दर महिन्याला तो ताप यायचा. किट येऊन सव्वा वर्ष झालं, त्यात एकदाच आला, तोही लग्नाला गेलो होतो तेव्हा आठ दिवस धुणं चुकलं म्हणून. वासही गेला, त्यामुळे बाई आता भजनाला पुढे बसतात. किटला साडेचार.

डासांच्या बंदोबस्ताला मात्र एकच स्टार, तोही फवारणीच्या गाडीमागे पोरं पळतात म्हणून. क्युलेक्सला घाण पाणी लागतं, नाल्या, संडासाच्या टाक्या. टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा असं सांगून गेले, आम्ही नव्वद रुपयात बांधली, तुम्ही पण बांधा. पण गल्लीची नाली कोण काढणार? अर्ज दिलाय, वर्ष झालं, नालीत आता कमळं यायची बाकी आहेत.

आणि हो, टब वेगळा ठेवा. माझ्या जावेने तो पापडाचं पीठ भिजवायला घेतला होता, सासूबाईंनी किंचाळून घर गोळा केलं, आणि आता त्यावर नातीच्या नेलपॉलिशने मोठा लाल पाय काढलाय.