कामावर दात तुटला तर खर्च कोण देतो: ईएसआय, कंपनी आणि डेंटल कॉलेज

ठाणे-नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट या कारखान्यांच्या पट्ट्यात पान्हा सटकून किंवा ओल्या लादीवर घसरून पुढचे दात जाणं काही नवं नाही. हात कापला तर सगळे धावतात. दात तुटला तर ‘संध्याकाळी दाखव कुठंतरी’ म्हणतात आणि तिथूनच खर्च कामगाराच्या खिशात जायला लागतो.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर पहिली पसंती त्यालाच. त्याची वर्गणी पगाराच्या टक्केवारीत: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. कामावरच्या इजेसाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. नोकरीचा पहिला आठवडा असला तरी हक्क लागू होतो. ठेकेदाराकडच्या कामगाराची वर्गणी भरण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवरही आहे. उपचार फुकट, आणि दुखण्यामुळे तीन दिवस किंवा जास्त काम बुडालं तर पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि नवी मुंबईत वाशीला ईएसआय रुग्णालय आहे. ईएसआयची रेफरल चिठ्ठी न घेता परस्पर खासगी दवाखाना गाठला की बिल अडकतं. आणीबाणीत जावंच लागलं, तर तसं त्या डॉक्टरकडून लेखी घ्या.

सगळं अडतं ते कागदावर. मालकाने अपघाताचा अहवाल फॉर्म १२ मध्ये पाठवायचा असतो. त्यात ‘तोंडाला मार’ एवढंच लिहिलं जातं, आणि ते पुरत नाही. कोणता दात, हलतो की तुटला की मुळासकट बाहेर आला, हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर हवं. डेंटिस्ट प्रत्येक दाताला आकडा देतात; वरचे मधले दोन दात म्हणजे ११ आणि २१. हे आकडे डॉक्टरकडून लिहून घ्या आणि एक्स-रे काढून ठेवा.

एवढा आग्रह का? मार लागलेला दात लगेच मरत नाही. त्याची संवेदना तपासली तर सुरुवातीचे तीन महिने उत्तर फसवं येऊ शकतं. पुढे कधीतरी दात काळा पडतो, हिरडीवर पू येतो किंवा मूळ झिजू लागतं, आणि तेव्हा रूट कॅनॉल आणि कॅप लागते. पहिल्या दिवसाच्या कागदावर त्या दाताचं नाव नसेल, तर ‘हा जुनाच किडलेला असेल’ म्हणून हात वर होतात. ‘सर्व हिशेब पूर्ण’ अशा कागदावर घाईने सही करू नका, तेही याच कारणासाठी.

दात मुळासकट पडला असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरा. मुळाला बोट लावू नका, घासूही नका. काही क्षण दुधात किंवा सलाइनमध्ये बुडवून जागेवर बसवा. जमत नसेल तर दुधात ठेवून तासाभराच्या आत डेंटिस्टकडे पोहोचा. पुन्हा बसवलेल्या दाताला साधारण दोन आठवडे तारेचा स्प्लिंट (शेजारच्या दातांना बांधलेला आधार) बांधतात आणि त्याच सुमारास रूट कॅनॉल सुरू होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

ईएसआय नसेल तर मालकाची जबाबदारी थेट. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात २००९ साली तरतूद आली की कामावरच्या इजेवरचा प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च मालकाने भरून द्यायचा. ती आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कोणत्या इजेला किती टक्के अपंगत्व, हे सांगणाऱ्या त्या कायद्याच्या जुन्या तक्त्यात दात नाहीत, त्यामुळे टक्केवारीची भरपाई मागत बसण्यापेक्षा बिलांवर जोर द्या. ईएसआयचा हक्क असेल तर याच इजेची भरपाई मालकाकडून वेगळी मिळत नाही.

कंपनीच्या मेडिक्लेमवर मात्र आमचा फारसा विश्वास नाही. बहुतेक पॉलिसींना दातासाठीही रुग्णालयात भरती हवी असते, आणि रूट कॅनॉल, कॅप, ब्रिज हे सगळं ओपीडीत होतं.

पैसे हातात यायच्या आधी उपचार थांबवू नयेत, म्हणून नेरूळ, खारघर, कामोठे इथली डेंटल कॉलेजं चांगली. विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, दर खासगीपेक्षा कमी. वेळ जास्त लागतो, फेऱ्या होतात. बिलावर शिक्का, तारीख, दाताचा आकडा आणि ‘कामावरील अपघात’ हे शब्द मागून घ्या. इम्प्लांटचा (हाडात स्क्रू घालून बसवलेल्या कृत्रिम दाताचा) अंदाज घेताना स्क्रू, जोडणी आणि वरची कॅप यांचे दर वेगळे लिहून मागा. नुसत्या स्क्रूचा भाव सांगितला तर कॅपची रक्कम मागणीतून सुटते.