गर्भपिशवी काढताना ओव्हरी ठेवायची की काढायची?

सोलापुरात ‘पिशवीचं ऑपरेशन’ म्हटलं की एवढंच कळतं. आत ओव्हरी (अंडाशय) ठेवली की काढली, हे अनेकींना डिस्चार्ज कार्ड वाचल्यावरच समजतं. पुढच्या वीस वर्षांचा फरक मात्र तिथेच पडतो.

ओव्हरी ठेवली तर पाळी बंद होते, पण हार्मोन्स चालू राहतात. रजोनिवृत्ती तिच्या वेळेला, कधी थोडी आधी, येते. पुढे ओव्हरीत गाठ होण्याची शक्यता उरते, हे खरं.

पाळी जाण्याआधीच दोन्ही ओव्हरी काढल्या तर रजोनिवृत्ती एकदम कोसळते. अंगातून वाफा, रात्री घाम, झोपेचं खोबरं, योनीत कोरडेपणा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना ‘हा उन्हाळा की माझा?’ हेच कळत नाही! त्याहून गंभीर म्हणजे हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. दिवसभर बसून विड्या वळणारीची कंबर आधीच बोलत असते. वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सगळ्यांना त्या चालत नाहीत, स्तनाचा कर्करोग झालेलीला सहसा देत नाहीत.

घरात आई-मावशीला ओव्हरीचा किंवा कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर काढण्याकडे पारडं झुकू शकतं. एरवी चाळिशीतल्या, निरोगी ओव्हरी असलेल्या बाईला मी ठेवण्याच्याच बाजूने सांगेन.

पहिले सहा आठवडे दोघींना सारखेच: पाण्याची घागर उचलायची नाही, सासूबाई काहीही म्हणोत.