डेबियन १२, नऊ महिने वापरल्यावर: जुनं व्हर्जन, पुरुमेंत आणि माझा आगाऊपणा

फोंड्यात छोटं डीटीपीचं दुकान आहे आमचं, जत्रेच्या नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, चवथीला आरत्यांची पुस्तकं असली कामं. जुन्या लॅपटॉपवर विंडोज रडायला लागलं म्हणून डिसेंबरात डेबियन १२ (फुकट मिळणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम) टाकलं, तेव्हापासून रोज तेच.

चालतं एकदम गुमान. प्रिंटर एकदा लागला तो लागला. पण सुरुवातीला एका गोष्टीने डोकं खाल्लं, इंकस्केप, म्हणजे डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर. त्यांच्या साइटवर १.४ (ऑक्टोबर २०२४ मध्येच आलेलं) आणि माझ्याकडे कितीही अपडेट मारा, १.२.२ वरून ढिम्म हलत नाही. टर्मिनलमध्ये बघितलं तर १.२.२ च्या पुढे डॅश देऊन आणखी एक आकडा. मग कळलं, डॅशच्या आधीचा आकडा इंकस्केपवाल्यांचा, नंतरचा डेबियनवाल्यांचा. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे, आणि त्यांचा सोर्स घेऊन, लागले तर पॅच (छोटे बदल) मारून, डेबियनच्या लायब्रऱ्यांवर (सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक फाइलींवर) बिल्ड करून आपल्यापर्यंत आणणारा मेंटेनर वेगळाच. डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये, त्याआधीच फ्रीझ, म्हणजे व्हर्जनं गोठवलेली, त्यानंतर नवीन फीचर नाही, सुरक्षेची भोकं बुजवायची तीसुद्धा जुन्याच व्हर्जनमध्ये.

आईला एका वाक्यात कळलं. "म्हणजे पुरुमेंतच की!" मे महिन्यात सुके बांगडे, मिरच्या, सोलं भरून ठेवायची आणि पावसाळाभर त्यावरच काढायचं.

मला ते पटलं नव्हतं. फेब्रुवारीत शहाणपणा करून सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते लिहिलेल्या सोर्सेसच्या फाइलमध्ये अनस्टेबलची (डेबियनची ताजी, अजून पक्की न झालेली शाखा; माझी होती ती स्टेबल) एक ओळ घातली, फक्त इंकस्केप घेऊ म्हणून. त्याने लिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) ओढली, लिबसीने आणखी पन्नास गोष्टी, मी न वाचता वाय (हो) दाबला आणि सकाळी डेस्कटॉपच येईना, नुसती काळी स्क्रीन! दुसऱ्या दिवशी जत्रेचं हँडबिल द्यायचं होतं. फाइल पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचलो, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून पूर्ण केलं. चूक शंभर टक्के माझी, असं करू नका म्हणून डेबियनच्या विकीवर अख्खं पान आहे.

आता सिस्टम सगळी डेबियनची आणि इंकस्केप तेवढं फ्लॅटपॅकने, म्हणजे डेबियनबाहेरच्या वेगळ्या पॅकेटातून. ते आपल्या लायब्रऱ्या आपल्याबरोबर घेऊन येतं त्यामुळे बाकी कशाला धक्का नाही, पण पहिलं डाउनलोड भलंमोठं, आणि आमच्याकडे मध्येच लाईट जाते ते वेगळंच.

मूळ प्रोजेक्टवाल्यांची कटकटही आता समजते. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हर प्रोग्रॅमच्या लेखकाने, हे व्हर्जन फार जुनं आहे अशी सूचनाच प्रोग्रॅममध्ये घालून ठेवली होती, २०१६ मध्ये त्यावरून वाद झाला, कारण कधीच दुरुस्त केलेल्या बगच्या तक्रारी त्यालाच यायच्या. आणि मेंटेनरचा हात लागला की चांगलंच होतं असंही नाही, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमध्ये डेबियनच्याच एका पॅचमुळे २००६ ते २००८ तयार झालेल्या गुप्त किल्ल्या अंदाजाने काढता येण्यासारख्या निघाल्या. उलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा) सापडलं तेव्हा ते ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होतं, डेबियनच्या टेस्टिंग (पुढच्या व्हर्जनची तयारी चालते ती शाखा) आणि अनस्टेबलपर्यंत पोचलेलं, स्टेबलवाले मात्र जुन्या व्हर्जनवर निवांत. हे वाचलं आणि १.२.२ वरचा माझा राग बराच उतरला.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलंय, त्यात इंकस्केप १.४ आहे. पण आता जत्रांचा सीझन तोंडावर, तो संपेपर्यंत मी काही हात लावत नाही.