'गर्ल क्रश': सवतीकडे टक लावून पाहणारे गाणे

लिटल बिग टाउन या अमेरिकी कंट्री (तिथल्या ग्रामीण लोकगीतांतून वाढलेली संगीतशैली) समूहाचे 'गर्ल क्रश' हे गाणे मी प्रथम ऐकले ते त्याच्या नावाच्या कुतूहलाने, आणि पहिले कडवे संपेपर्यंत माझी समजूत अशी होती की एका स्त्रीला दुसऱ्या स्त्रीविषयी वाटणाऱ्या ओढीचे हे गाणे आहे. ध्रुपद सुरू झाले आणि एक-दोन ओळींतच सगळे चित्र फिरले. गाणाऱ्या स्त्रीला त्या दुसरीच्या ओठांची आस आहे, ती त्या ओठांवर आपल्या माणसाची चव असेल म्हणून. दुसरीचे लांब सोनेरी केस, तिचे अत्तर आणि तिच्या स्पर्शातली जादू हे सारे तिला स्वतःच्या अंगी हवे आहे, कारण ते आपल्याकडे आले तर कदाचित आपणही त्याला तितक्याच हव्याशा वाटू, अशी तिची वेडी आशा आहे. सवतीमत्सराच्या गाण्यात सवतीला चार शब्द सुनावलेले असतात, निदान एखादा टोमणा तरी असतोच. इथे तिच्याविषयी एकही वाकडा शब्द नाही. मत्सर आणि कौतुक एकमेकांत इतके कालवून गेले आहेत की ते वेगळे करणे खुद्द गाणारीलाही जमत नाही, आणि माझ्या मते या गाण्याचे खरे मोठेपण तिथेच आहे.

हे गाणे लोरी मॅकेना, हिलरी लिंडसी आणि लिझ रोझ या तीन गीतकार स्त्रियांनी मिळून लिहिले आहे आणि ते त्यातल्या निरीक्षणावरून कळते. दुसऱ्या कडव्यात झोप उडालेली ही बाई मनातल्या मनात त्या दोघांना एकाच पांघरुणाखाली पाहत राहते, त्या दुसरीची कुजबुज ऐकते, तिने त्याला जवळ ओढलेले पाहते. आणि हे सगळे पाहताना तिची नजर त्याच्यावर जवळजवळ जातच नाही. तो कसा दिसतो, काय करतो, का निघून गेला, यातले काहीही आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. सोडून गेलेल्या माणसापेक्षा त्याला मिळालेली व्यक्ती डोक्यात घर करून बसते, हा अनुभव ज्याने घेतला असेल त्याला या कडव्याचा खरेपणा वेगळा सांगावा लागणार नाही.

चालही याच वृत्तीची आहे. लय अतिशय संथ असून तिला सहा मात्रांचा झोका आहे, त्यामुळे दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटत नाही. निर्माते जे जॉइस यांनी वाद्ये इतकी मोजकी ठेवली आहेत की गिटारच्या सुट्या सुरांमधली पोकळी कानाला जाणवते आणि त्या पोकळीत समूहातल्या गायिका कॅरन फेअरचाइल्ड यांचा काहीसा खर्जातला, दाणेदार आवाज एकटा उभा राहतो. त्या कुठेही आक्रोश करत नाहीत. मनातली लाजिरवाणी गोष्ट कुणाजवळ तरी बोलून टाकावी, तशा त्या पहिल्या ओळी दबक्या आवाजात म्हणतात. ध्रुपदात समूहातले बाकीचे तिघे, म्हणजे किंबर्ली श्लॅपमन, जिमी वेस्टब्रूक आणि फिलिप स्वीट यांचे आवाज त्यांना येऊन मिळतात. आपल्या संगीताची घडण एका सुरावटीची असल्यामुळे अशा स्वरमेळाकडे आपण पुष्कळदा नुसती भरणी म्हणून पाहतो. परंतु हेडफोन लावून हे ध्रुपद ऐकले की प्रत्येक आवाज आपापल्या सुरावर स्थिर राहून मुख्य आवाजाला खालून कसा उचलून धरतो, ते स्पष्ट कळते. त्यातले वेस्टब्रूक हे फेअरचाइल्ड यांचे पती आहेत हे ठाऊक असेल, तर पत्नीच्या या कबुलीला त्यांनी दिलेली साथ आणखी हळवी वाटते.

१९९८ पासून एकत्र गाणाऱ्या या चौघांनी २०१४ च्या 'पेन किलर' या अल्बममध्ये हे गाणे घेतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते स्वतंत्र सिंगल म्हणून बाहेर आले. २०१५ मध्ये काही श्रोत्यांनी हे समलिंगी प्रेमाचे गाणे असल्याचे ठरवून रेडिओ केंद्रांकडे तक्रारी केल्याच्या बातम्या आल्या. तक्रार करणाऱ्यांनी ध्रुपद नीट ऐकले नव्हते, हे उघड आहे. आणि ते खरोखरच दोन स्त्रियांच्या प्रेमाचे गाणे असते तरी त्यात तक्रार करण्याजोगे काय होते, हे मला कळलेले नाही. रेडिओवर किती वाजले एवढेच मोजणाऱ्या यादीत ते पहिल्या क्रमांकापर्यंत पोचले नाही, परंतु विक्री आणि इंटरनेटवरील श्रवणही धरणाऱ्या, बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या मुख्य कंट्री यादीत ते १३ आठवडे पहिले राहिले. पुढे सीएमएचे (कंट्री म्युझिक असोसिएशन या संस्थेचे) सर्वोत्कृष्ट सिंगल आणि सर्वोत्कृष्ट गीत हे दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले, तसेच २०१६ मध्ये दोन ग्रॅमीही मिळाले.

तक्रार करायचीच तर मी दोन गोष्टींविषयी करीन. सोनेरी केस आणि अत्तर ही सौंदर्याची यादी फार ठरावीक आहे. ज्या लेखणीने पांघरुणाखालची कुजबुज टिपली, तिने या बाईचे एखादे असे वैशिष्ट्य टिपायला हवे होते की जे फक्त तिचेच असेल. दुसरे असे की मधे चाल बदलणारा तुकडा नसल्यामुळे ध्रुपद दुसऱ्यांदा येते तेव्हा शब्दांतला पहिला धक्का ओसरलेला असतो, आणि तेवढा भार केवळ गायनाला पेलावा लागतो. फेअरचाइल्ड तो पेलतात, पण एखाद्या कमी ताकदीच्या गायिकेच्या गळ्यात हीच जागा लंगडी पडली असती.

समाप्ती मात्र मला निर्दोष वाटते. सव्वातीन मिनिटांच्या आत संपणारे हे गाणे शेवटी पुन्हा पहिल्याच ओळींवर येते. शब्द तेच असतात, फक्त आता ती कुणाविषयी आणि का बोलते आहे हे आपल्याला ठाऊक असते. तिथे आवाज परत पहिल्याइतका खाली उतरतो आणि तिची कबुली सुरुवातीला होती तशीच, कुठलेही उत्तर न मिळता, थांबते.