लाकडी झाकण की सुती खोळ?

आईची सिंगर हातमशीन गेली नऊ वर्षं माझ्याकडे डिचोलीत आहे. तिचा नंबर ‘वाय’ने सुरू होतो, म्हणजे स्कॉटलंडच्या क्लाइडबँकची, शंभरीला टेकलेली. तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला, ही मात्र अजून परकर शिवते. पण वर्षातले दहा महिने ती नुसतीच असते, आणि त्या दहा महिन्यांत आपला पावसाळाही येतो. तेव्हा तिला तिच्या मूळ गोल लाकडी झाकणात ठेवावं की उघड्यावर, खोळ घालून? मी दोन्ही करून पाहिलंय.

प्लास्टिकचं कव्हर मी धरतच नाही. आतून घाम सुटतो त्याला.

झाकणाच्या बाजूने बरंच बोलता येईल. धूळ नाही, झुरळं नाहीत, सोनेरी वेलबुट्टीला काही घासत नाही. घर कुलूप लावून मुंबईला राहणार असाल, किंवा घरात चाक फिरवायला टपलेली नातवंडं असतील, तर झाकणच बरं. आत सिलिका जेलची पुडी टाकायची. निळ्याची गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर सुकवायची.

माझं मन उडालं ते एका श्रावणात. चवथीला पंधरा दिवस होते आणि आईला पडदे शिवायचे होते. किल्ली फिरली, कुलूपही सुटलं, पण झाकण हलेना. दमटपणाने लाकूड फुगून बैठकीत घट्ट बसलं होतं. मी ओढतोय, आई बैठक धरून बसलीय, आणि शेवटी सुतार आला. निघताना कडेचा एक पापुद्रा सुटला तो सुटलाच. आत मशीनच्या पाट्यावर पांढरट बुरशी, आणि चाक अर्ध्यावर अडकलेलं. जूनपासून तेलाचा थेंब नव्हता. पडदे शेवटी शेजारच्या काकींकडे शिवून घेतले. गंज धरायच्या दिवसांतच जे उघडत नाही, ते झाकण काय कामाचं, असं मला तेव्हापासून वाटतं. तुमचं लाकूड कदाचित शहाणं असेल.

आता ती आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढे, जुन्या धोतराच्या दुहेरी खोळीखाली असते. धूळ बसते, हे कबूल. पण येता-जाता दिसते, म्हणून हात जातो. दर रविवारी चाकाचे दहा-बारा फेरे, महिन्यातून एकदा मशीनच्या पातळ तेलाचे थेंब, मग चिंधीवर डाग पडेनासा होईपर्यंत कोरडी शिवण. खोबरेल चुकूनही नको. सुकून ते गोंदासारखं होतं आणि मग रॉकेल घालत बसावं लागतं. ठेवताना सुई काढतो, दोऱ्याचं टेन्शन सैल करतो आणि कापड दाबणारं फूट कापडाच्या घडीवर टेकवतो, नाहीतर ते खालच्या, कापड सरकवणाऱ्या दात्यांवर घासतं. पुसायला कोरडं कापड पुरे. स्पिरिट लावलंत तर वेलबुट्टीवरचं लाखेचं पॉलिशच निघतं. डाव्या बाजूचं एक पान मी तसं घालवलंय.

झाकण टाकलेलं नाही. ते माळ्यावर आहे. मार्चमध्ये हवा सुकी असते तेव्हा सहज बसतं, आणि बहिणीकडे म्हापशाला मशीन न्यायची झाली तर त्याच्याशिवाय सोय नाही.