एअर फिल्टर: कागदी की धुऊन वापरायचा कॉटनचा?

भाचा विचारतोय, गाडीला कुठला घालू? पॉवर वाढते वगैरे जाहिराती सोडून दे. कॉटनचा कितीतरी महाग, पण वर्षानुवर्षं चालतो. खरी गोम मेहनतीत आहे. धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, मग बेतानं तेल लावायचं. तेल जास्त झालं की इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि इंजिन गचके खातं. कमी पडलं तर धूळ आत. कागदी मळला की बदलायचा, क्लिपा उघडून पाच मिनिटांचं काम. बारीक धूळही तो सहसा जास्त अडवतो. (जोराची हवा मारून तोच परत बसवणारे गॅरेजवाले भेटतातच, त्यानं कागद फाटतो.) कुठलाही घाल, रबरी कड डब्यात नीट बसली का बघ. रोज धुळीतून जाणाऱ्यानं कागदीच घ्यावा. बॉनेट उघडायची हौस आणि धीर दोन्ही असेल, तर कॉटनचा.