लेबल वाचणारे ॲप: उपयुक्त, पण अपुरे

पाकिटावरील घटकांची यादी कॅमेऱ्यासमोर धरली की हे ॲप सोया लेसिथिन, मक्याचा स्टार्च, कॅनोला तेल, सरकीचे तेल अशा, जनुकसुधारित पिकांपासून आलेल्या असू शकणाऱ्या घटकांवर खूण करते आणि बारीक अक्षरेही सहसा अचूक वाचते. मात्र मिठाच्या पाकिटावरील ‘जीएमओमुक्त’ (म्हणजे जनुकसुधारित घटक नसल्याच्या) शिक्क्यालाही ते हिरवा रंग देते, हे हास्यास्पद आहे. मिठात जनुके असतातच कुठे? रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरत नसल्याने चाचणीतून मूळ पिकाचा जनुकीय बदल ओळखणे अवघड असते, तसेच युरोपीय संघात प्रत्येक घटकातील ०.९ टक्क्यांपर्यंतच्या अनवधानाने झालेल्या, टाळता न येणाऱ्या जनुकसुधारित मिश्रणाची नोंद लेबलवर करावी लागत नाही, याचा ॲपमध्ये उल्लेखही नाही. सेंद्रिय प्रमाणपत्राची खूण मात्र ते बिनचूक ओळखते.